‘माउली’पासून ‘ताई’पर्यंत: इरावतीबाईंची ‘वाटचाल’ टर्नरच्या आधी वाचा

नेट-सेटच्या पेपरात ‘कम्युनिटास’ हा शब्द दिसला की आपण फार विचार न करता व्हिक्टर टर्नर या पर्यायावर खूण करतो. यात्रेच्या वाटेवर माणसं आपलं पद, जात, वर्ग काही काळ बाजूला ठेवतात आणि एकमेकांना निव्वळ माणूस म्हणून भेटतात, त्या अनुभवाला टर्नर यांनी हे नाव दिलं. उदाहरण विचारलं तर पंढरीची वारी. दोन मार्क खिशात. इथपर्यंत काही बिघडत नाही.

बिघडतं ते पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना. ‘वारीतील समतेचा समाजशास्त्रीय अभ्यास’ अशा धाटणीचे विषय तुम्ही पाहिले असतील. त्यात उत्तर आधी ठरलेलं असतं आणि प्रश्न नंतर शोधलेले असतात. वारीत अनोळखी माणसं जेवू घालतात, पाय चेपून देतात, घरात झोपायला जागा देतात, आयुष्यभराचे मित्र मिळतात. म्हणून वारीत समता आहे. या वाक्यातल्या ‘म्हणून’ या शब्दाबद्दल मला बोलायचंय. त्यासाठी टर्नर यांनी वापरलेला एक लेख मुळातून आणि सावकाश वाचायला हवा. तो लेख आपल्याच भाषेतला आहे.

लेखाचा उलटा प्रवास

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहात आहे. १९६२ मध्ये तो ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये ‘ऑन द रोड’ या नावानं इंग्रजीत आला. टर्नर यांचं मुख्य क्षेत्रकार्य आफ्रिकेत, आजच्या झांबियातल्या एन्डेंबू लोकांमध्ये झालं. पंढरपूरबद्दल लिहिताना त्यांचा आधार दोन लेखनांचा होता. एक म्हणजे फ्रेंच जेझुइट अभ्यासक देलरी यांचं १९६० चं ‘द कल्ट ऑफ विठोबा’ आणि दुसरा इरावतीबाईंचा हा लेख. १९७४ च्या ‘ड्रामाज, फील्ड्स अँड मेटाफर्स’ या पुस्तकातल्या यात्रेवरच्या प्रकरणात दोन्ही येतात. तिथून कम्युनिटास आपल्या अभ्यासक्रमात आला आणि आपण वारीकडे त्या चष्म्यातून बघायला लागलो.

म्हणजे गंमत बघा. एक मराठी बाई वारीत चालली, तिनं मराठीत लिहिलं, ते इंग्रजीत गेलं, सिद्धांताचं उदाहरण झालं, आणि आता आपण तो सिद्धांत घेऊन परत वारीत जातो. या फेरीत मूळ लेखातला एक प्रश्न मागे राहिला.

लेखात नेमकं काय घडतं

इरावतीबाई ज्या दिंडीबरोबर चालत होत्या तिच्यात ब्राह्मण होते आणि मराठाही. भजन एकत्र, चालणं एकत्र. जेवणाच्या पंगती मात्र वेगळ्या. सगळे आंघोळ करून, स्वच्छतेनं जेवतात, तरी हा वेगळेपणा कशाला, हे त्यांना खटकत राहतं. एकत्र चालणं आणि गाणं हे फक्त परलोकातल्या ऐक्यासाठी आहे का, इहलोकात वेगळं राहूनच, असा त्यांचा सवाल आहे. दोन गट एकत्र आणणं त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून त्या कधी इकडे, कधी तिकडे वावरल्या. निदान स्वतःपुरता पूल बांधायचा प्रयत्न केला.

मराठा बायकांबरोबर जेवल्यावर त्या बायका जास्त मोकळ्या झाल्या. हात धरून चालायला लागल्या, घरची सुखदुःखं सांगायला लागल्या. शेवटी शेवटी ‘ताई’ म्हणायला लागल्या. आम्ही पुण्याला तुमच्या घरी येऊ, असं काहीजणी म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीनं विचारलं की आता जशा वागताय तशाच तुम्ही तेव्हाही आमच्याशी वागाल का? हा साधा प्रश्न आपल्याला फार लागला, असं इरावतीबाई लिहितात.

टर्नर यांनी हा भाग लपवलेला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. यात्रा समाजरचना मोडत नाही, फक्त तिची धार कमी करते, असं त्यांचं म्हणणं आहे आणि हा प्रसंग त्यात बसतो. म्हणजे त्यांच्या हिशोबात मुलीचा प्रश्न ही कम्युनिटासची मर्यादा दाखवणारी एक नोंद ठरते.

माझं वाचन थोडं वेगळं आहे. त्या मुलीनं मर्यादा नुसती दाखवली नाही, तिनं कसोटी सांगितली. वाटेवरची मैत्री खरी की नाही हे वाटेवर कळत नाही, ते पुण्यातल्या घराच्या दारात कळतं, असा तिच्या बोलण्याचा अर्थ आहे. हे एक गृहीतक आहे आणि ते तपासता येतं. ते मांडणारी मात्र मुलाखत देणाऱ्यांपैकी एक होती.

‘माउली’: नाव न विचारणारं आतिथ्य

वारीतलं आतिथ्य खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची. सुमारे २५० किलोमीटर, १८-२० दिवस. एवढी माणसं रोज नव्या गावात उतरतात आणि त्या गावांतली घरं, शाळा, देवळं त्यांच्यासाठी उघडतात. तुकोबांच्या वाटेवर यवतला पिठलं-भाकरीचं जेवण ठरलेलं असतं. अख्खं गाव भाकऱ्या थापतं. पुण्यात कुणी चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पायांना तेल लावतं.

हे सगळं कसं चालतं ते नीट बघा. देणारा घेणाऱ्याला ‘माउली’ म्हणतो. घेणाराही त्याला ‘माउली’च म्हणतो. लहान-मोठा न बघता दोघं एकमेकांच्या पाया पडतात. नाव, गाव, आडनाव विचारायची गरज पडत नाही, कारण यजमानाच्या मनात तो विठोबाची सेवा करत असतो. समोरचा कोण, याला महत्त्व नसतं. या आतिथ्याची ताकद त्या न विचारण्यात आहे. लाखो माणसांना जेवू घालायचं तर आडनावं विचारून चालणारच नाही.

इथे एक जुना वाद उपयोगी पडतो. मार्सेल मॉस यांनी ‘द गिफ्ट’ या १९२५ च्या निबंधात म्हटलं की भेट दिली की घेणाऱ्यावर परतफेडीचं बंधन येतं आणि त्यातून नातं टिकतं. जॉनथन पॅरी यांनी १९८६ मध्ये भारतातल्या दानाबद्दल दाखवलं की दानाची परतफेड अपेक्षितच नसते, उलट परतफेड झाली तर ते दान उरत नाही. वारीतलं अन्नदान बरंचसं या दुसऱ्या प्रकारात येतं. यवतच्या भाकरीची परतफेड कुणी करत नाही. त्यामुळे पुण्य लाभतं, कृतज्ञता वाटते, पण नातं जोडलंच जाईल असं नाही. अन्नदान आणि मैत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रस्ताव लिहिताना आपण त्या सर्रास एकाच परिच्छेदात कोंबतो.

वारीत जेवणाचे आणखी प्रकार आहेत. दिंडीत भिशी भरून जेवणं म्हणजे आपल्या वाट्याचे पैसे आधी देऊन एका चुलीवरचं खाणं. तिथे कुणी दाता नाही, कुणी याचक नाही, पण चूल कोणाची आणि पंगतीत कोण, हे मात्र ठरलेलं असतं. आणि शेवटी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र, ही त्यामागची कल्पना. काल्याचा एक दिवस आणि चुलीचे अठरा दिवस, यांतलं कोणतं वारीचं खरं रूप असं विचारू नका. दोन्ही वारीच आहे. तुमच्या प्रश्नाला कोणतं उत्तर देतंय, एवढंच बघा.

‘ताई’: नाव विचारल्यावर सुरू होणारं नातं

आता परत इरावतीबाईंकडे. त्या बायकांनी त्यांना ‘ताई’ म्हटलं, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘माउली’ कुणालाही म्हणता येतं. ‘ताई’ म्हणजे एक ठरावीक माणूस, जिचं घर कुठे आहे हे माहीत आहे आणि जिच्याकडे जायचा हक्क आता आपल्याला मिळाला आहे. ‘माउली’ म्हणताना आडनाव पुसलं जातं. ‘ताई’ म्हणताना ते परत येतं, कारण मैत्री करायची तर माणूस कोण हे विचारावंच लागतं. आणि आपल्याकडे ‘कुठल्या तुम्ही?’ या प्रश्नाच्या पुढच्या दोन पायऱ्यांत जात कळते.

म्हणून मला वाटतं, वारीतलं आतिथ्य आणि वारीतली मैत्री या एकाच गोष्टीच्या कमी-जास्त मात्रा नाहीत. त्यांचे नियमच उलटे आहेत. आतिथ्य अनोळखीपणावर चालतं, मैत्री ओळखीवर. पहिलं जितकं सहज होतं, तितकंच दुसरं जोखमीचं होतं. त्या मुलीला ही जोखीम कळली होती. ‘माउली’ म्हणून कुणी तिचा अपमान केला नसता. ‘ताई’च्या घरी जाऊन तो होऊ शकत होता.

इरावतीबाईंना विचारायचे प्रश्न

टीका करायची तर ती आवडत्या लेखावरही करावी. या प्रसंगाबद्दल माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला, पूल कोणत्या बाजूनं बांधला गेला? इरावतीबाई दुसऱ्यांच्या पंगतीला गेल्या. त्या काळात ब्राह्मण बाईनं असं करणं हे धाडस होतंच. पण दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन बसायला स्वतःचं धैर्य पुरतं. दुसऱ्याला आपल्या पंगतीत बसवायचं तर आपल्या माणसांची संमती लागते. ही दुसरी गोष्ट घडली नाही आणि ती आपल्याला जमली नाही हे त्या स्वतःच सांगतात. मुलीच्या प्रश्नाचा रोख नेमका तिथेच आहे, कारण पुण्यातल्या घरातही त्या एकट्या नसणार.

दुसरा, या प्रसंगात दोनच गट आहेत. साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केलं. ‘परिपूर्ती’ त्यानंतर दोनच वर्षांनी आली. देवळाचं दार उघडलं गेलं त्या काळात चुलीचं काय झालं, हा प्रश्न ब्राह्मण आणि मराठा पंगतींपुरता ठेवून पुरा होत नाही. आज हा प्रसंग उद्धृत करणाऱ्यानं एवढं तरी लक्षात ठेवावं.

तिसरा, पुढे काय झालं? त्या बायका पुण्याला गेल्या का? प्रसंग प्रश्नावर संपतो. ललित लेख म्हणून तो शेवट प्रभावी आहे, काळजाला भिडतो. पण संशोधकासाठी तिथून काम सुरू व्हायला हवं होतं. आपण मात्र सत्तर-पंचाहत्तर वर्षं तो प्रश्न उद्धृत करतोय. त्याचं उत्तर शोधायला फारसे कुणी गेलेले नाहीत.

नंतरच्या अभ्यासांनी काय केलं

टर्नर यांच्यावर टीका खूप झाली. मायकेल सॅलनाऊ यांनी १९८१ मध्ये पेरूमधल्या अँडीज पर्वतातल्या यात्रांबद्दल लिहिलं की तिथे समतेपेक्षा गावागावांतली चढाओढ जास्त दिसते. १९९१ मध्ये त्यांनी जॉन ईड यांच्याबरोबर ‘कॉन्टेस्टिंग द सेक्रेड’ संपादित केलं. त्यात यात्रा हे वेगवेगळ्या अर्थांच्या झगड्याचं मैदान आहे, अशी मांडणी आली. हे वाचल्यावर बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं की आता दोनच पर्याय आहेत: समता म्हणा किंवा संघर्ष म्हणा. पण बघा, हे दोन्ही पक्ष वाटेवरच किंवा यात्रेच्या ठिकाणीच उभे आहेत. त्या मुलीचा प्रश्न घरी परतल्यानंतरचा होता.

परतीकडे गंभीरपणे बघणारं एक पुस्तक म्हणजे नॅन्सी फ्रे यांचं १९९८ चं ‘पिलग्रिम स्टोरीज’. स्पेनमधल्या सँतियागोच्या वाटेवर चालणाऱ्यांबद्दलचं हे पुस्तक वाटेवर थांबत नाही. माणसं घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, तिथवर जातं. आपल्याकडे लागू करताना एक फरक ध्यानात घ्या. सँतियागोला बरेच जण एकेकटे, एकदाच जातात. आपला वारकरी त्याच दिंडीत वर्षानुवर्षं जातो. त्यामुळे त्याची मैत्री दर आषाढीला नव्यानं तपासली जाते आणि मधले अकरा महिने ती कुठे असते, हा आपला खास प्रश्न होतो.

जेवणाच्या अंगानं जॉन क्यून यांचं २०२१ चं ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’ जरूर वाचा. एकनाथांनी दलितांबरोबर जेवल्याच्या कथा शतकानुशतकं कशा सांगितल्या गेल्या, नाटक-सिनेमांत कशा बदलल्या, याचा माग त्यांनी घेतलाय. भक्ती जातीला विरोध करते का, असा होय-नाहीचा प्रश्न सोडून कोण कोणाबरोबर जेवलं असं सांगितलं जातं, इथे ते येतात. प्रश्न लहान केला की काम पुढे सरकतं, याचा हा चांगला नमुना. आणि दि. बा. मोकाशी यांचं १९६४ चं ‘पालखी’ शेजारी ठेवा. सिद्धांताचा चष्मा न लावता सोबतच्या माणसांकडे कसं बघायचं ते त्यात शिकायला मिळतं.

मग हे संशोधन करायचं कुठे?

मी नवी मुंबईत राहतो आणि माझं उत्तर आहे: इथेच. दिवे घाट पावसात चढून जाणं हा सुंदर अनुभव आहे, पण आपल्या प्रश्नाची सामग्री तिथे कमी आणि कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतीत जास्त असू शकते. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. त्यानंतर वसलेल्या या शहरात सातारा, सांगली, पुणे भागातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. तुर्भ्याच्या बाजार समितीत गोण्या उचलणारा माणूस आषाढीला गावाकडच्या दिंडीत जातो आणि द्वादशीला एसटीनं परत येऊन कामावर रुजू होतो, असं इथे सर्रास दिसतं. पालखी स्वतः मात्र चालत परत जाते. त्या परतीच्या वारीला माणसं मोजकी असतात आणि कॅमेरे जवळजवळ नसतात. संशोधकही सहसा कॅमेऱ्यांच्या बरोबरच परततो.

शहरात परतल्यावर काय होतं? वाटेवर नाव न विचारता ताट मिळतं. सोसायटीच्या गेटवर आधी रजिस्टर पुढे येतं: नाव, फ्लॅट नंबर, कोणाकडे. दिंडीचा व्हॉट्सॲप ग्रुप रोज सकाळी ‘राम कृष्ण हरी’नं जागा होतो. पण त्या ग्रुपमधून कोण कोणाच्या घरी येतं? कामाला सुरुवात करायला हा प्रश्न पुरेसा आहे.

तुमच्या मुलाखतीच्या यादीतून ‘वारीत समता वाटते का?’ हा प्रश्न काढून टाका. त्याचं उत्तर ‘हो’च येणार आणि ते खरंही असणार, पण त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी हे विचारा. दिंडीत ओळख झालेल्या कोणाकोणाचा फोन नंबर आहे आणि शेवटचा फोन कोणी केला? मुलीच्या लग्नाला दिंडीतलं कोण आलं, कुठे उतरलं, कोणाच्या घरी जेवलं? तुम्ही त्यांच्याकडे गेलात का, की फक्त तेच आले? २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत दिंडीतल्या कोणी कोणाची चौकशी केली? वाटच नव्हती तेव्हा वाटेवरच्या मैत्रीचं काय झालं, हे तपासायला ती दोन वर्षं फार मोलाची आहेत.

उत्तरं मिश्र येतील. दिंड्या बऱ्याचदा गावाच्या आणि नात्यांच्या असतात, तेव्हा वारीत भेटलेला मित्र आधीपासूनचा शेजारीच निघेल. काही ठिकाणी मात्र वीस वर्षांचं घरोब्याचं नातं सापडेल, जातीच्या पलीकडचं, आणि ते वारीशिवाय जुळलंच नसतं. अशी एक जोडी जरी नीट समजून घेतली, तिच्यात कोणी काय सोसलं, कोणाच्या घरात कुरबुर झाली, कोणी पहिल्यांदा ताट वाढलं, तर ‘वारीतील समता’ या शीर्षकाच्या प्रबंधापेक्षा तुमच्या हाती जास्त काही असेल.

शेवटचा मुद्दा तुमच्याबद्दल. तो प्रश्न त्या मुलीनं संशोधक बाईंना विचारला होता. क्षेत्रकार्यात आपण माणसांशी गोड बोलतो, त्यांच्याकडे जेवतो, त्यांना मावशी-काका म्हणतो. पद्धतीच्या पुस्तकात याला ‘रॅपो’ म्हणतात. प्रबंध जमा झाल्यावर त्यातली एखादी मावशी नेरूळ स्टेशनवर उतरून फोन करेल, ‘आलेय बघ, घर कुठंय तुझं?’ तेव्हा तिला घ्यायला जाणार की नाही, हे मुलाखती सुरू करायच्या आधी ठरवा. आणि आपल्या घरच्यांशीही तेव्हाच बोलून घ्या.